रित्या हाताचं घराणं

परवा शेजारचे निवृत्त मास्तर वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले. जपानात म्हणे रिकाम्या हातानं लढायची एक विद्या आहे. ती कुणा साधूनं डोंगरावर बसून वाघमाकडांच्या हालचाली बघून शोधून काढली, आणि ती शिकल्यानं शरीर घट्ट, मन शांत आणि बुद्धी तल्लख होते. मास्तर म्हणाले, "बघा, नाहीतर आपले लोक!" मी म्हटलं, "मास्तर, कुठल्याही विद्येच्या उगमाशी साधू बसलेला दिसला, की समजावं तिथं एखादा कारकून येऊन गेलाय." त्यांना ते कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं, कारण असा एक कारकून मी स्वतः होतो, हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. एकोणिसाव्या शतकातली शेवटची काही वर्षं उरली होती. राहायला गिरगावात, चाकरीला परळच्या एका गिरणीच्या हापिसात. हजेरीपटावर लोकांची नावं लिहायची, एवढंच काम. अक्षर सुरेख आणि बाकी सगळा आनंद. छाती आत गेलेली, पोट कायमचं बिघडलेलं, आणि स्वभाव असा तापट की रस्त्यात कुणाचा धक्का लागला तरी मी मनातल्या मनात त्याला फासावर चढवत असे. मनातल्या मनात, कारण प्रत्यक्षात माझ्यानं मांजरसुद्धा हुसकावलं जात नव्हतं.

एका संध्याकाळी भायखळ्याला ट्रामची वाट बघत उभा होतो. एका झिंगलेल्या गोऱ्या खलाशानं माझी पगडी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून नाचायला लागला. भोवती माणसं जमली आणि हसली. मीही हसलो, आणि ही गोष्ट मला अजून टोचते. तेवढ्यात आमच्याच गिरणीत कापसाच्या गाठी वाहणारा एक हमाल गर्दीतून पुढं आला. चाळिशी उलटलेला, बुटका, गुडघ्यांत जरा वाकून चालणारा. त्यानं दोन्ही हात वर करून कानांशी नेले. मला वाटलं, हा शरण चाललाय. खलाशालाही तसंच वाटलं असावं, कारण तो खूश होऊन याच्या अंगावर गेला, आणि लगेच रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसला. मी चार हातांवर उभा होतो, पण मधे काय घडलं ते मला दिसलंच नाही. हमालानं पगडी उचलली, झटकली, माझ्या डोक्यावर ठेवली, तीही उलटी, आणि म्हणाला, "उद्या लालबागला ये. नायतर पगडी घालायची सोड."

लालबागला एका चाळीच्या मागच्या अंगणात कौलारू पडवी होती. मधे तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती, आणि घामाचा असा वास की देवानंही नाक धरावं. हीच त्यांची तालीम. आसपासच्या तालमींत कुस्ती, लाठी, पट्टा चालायचा. इथं यातलं काहीच नव्हतं. इथं शिकवत ते नुसत्या हातापायांनी, आणि त्याला म्हणत 'रिता हात'. शिकणारे सगळे कोकणातून गिरणीत आलेले साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, आणि वस्ताद तोच गाठी वाहणारा हमाल.

पहिले दोन महिने मी फक्त उभा राहिलो. गुडघे वाकवायचे, कमर सैल ठेवायची, दोन्ही हात कानांशी, कोपरं बाहेर, आणि मान ताठ. मान जरा कलली की वस्ताद मागून टपली मारत. मग ते फरशीवर घागरभर पाणी ओतत आणि आम्हाला त्यावरून झपझप बारक्या पावलांनी पळायला लावत, हात तसेच कानांशी. त्यानंतर कोपराचा घाव, कमरेचा दणका, मागच्या मागं टाचेनं नडगीवर लाथ. मग एक अजब प्रकार होता, समोरच्याच्या डोळ्यांसमोर पाची बोटं झटकन उघडायची, पाणी शिंपडल्यासारखी. आणि सगळ्यांत शेवटी बेंबीच्या देठापासून एक लांबलचक आरोळी. ती मला कधीच जमली नाही. माझी आरोळी ऐकून साचेवाले विचारत, "कारकुनांच्या पोटात दुखताहा काय?"

फायदे मात्र झाले, हे कबूल करायला हवं. पोटानं सहा महिन्यांत तक्रार सोडली. वैद्यांचे काढे त्याआधी वर्षभर नुसते पितच होतो. आमच्या गिरगावच्या चाळीत नळाशी शेवाळ साचायचं, तिथं पावसाळ्यात प्रत्येक घरातलं एकतरी माणूस आपटायचं. मी भरल्या दोन बादल्या घेऊन त्यावरून नवरदेवासारखा चालत जात असे. घरी काका थप्पड मारायला हात उगारत, तर मी नुसता कमरेतून सरके आणि ते भिंतीला मारत. रागाचं म्हणाल तर तो गेला नाही, पण खाली उतरला. पूर्वी डोक्यात असायचा, आता गुडघ्यांत जाऊन बसला, आणि तिथं त्याचा काहीतरी उपयोग होता. हापिसात साहेब ओरडला तरी माझी मान ताठ राही. साहेबाला वाटे हा माणूस मुजोर झालाय, आणि तो माझ्याशी जरा जपून बोलू लागला.

मला एकच गोष्ट खुपत होती. गिरगावात कुणी विचारलं की लालबागला काय शिकतोस, तर सांगायला काही नव्हतं. मग मी सांगू लागलो, "ही गडकिल्ल्यांवरची जुनी विद्या आहे. फार गुप्त." लोकांचे डोळे मोठे व्हायचे, मला बरं वाटायचं. हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं.

मग ती नागपंचमी आली. वस्तादांच्या तालमीला कुणी तालीम मानत नव्हतं. चाळीच्या पंचांना ती पडवी भजनी मंडळाला द्यायची होती, ते म्हणाले, "नागपंचमीला पाच तालमींच्या वस्तादांना जेवायला बोलाव. त्यांनी तुझं घराणं मानलं तर पडवी तुझी. नाही मानलं तर सामान उचल." घराणं म्हणजे गुरूचा गुरू, त्याचा गुरू, अशी यादी. दर तालमीत ती फळीवर लिहिलेली असते, नागपंचमीला सगळ्यांसमोर वाचतात, आणि जी तालीम घराण्यात थोरली तिला पहिला नारळ देतात. वस्तादांकडं ना फळी होती ना यादी. आणि त्या पडवीशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. बायको नाही, मूल नाही, गिरणीत पाठ मोडून काम करायचं आणि सकाळ-संध्याकाळ आम्हाला शिकवायचं. पडवी गेली असती तर ते नुसते हमाल उरले असते.

त्यांनी मला बोलावलं. "कारकुना, तुझं अक्षर चांगलं. माझं घराणं लिही."

"सांगा. किती पिढ्या?"

"पिढ्या कसल्या? एकच माणूस. माझी आय."

मी वर बघितलं. थट्टा करत नव्हते. चार वर्षांचे असताना ते आईबापांबरोबर कोकणातून गलबतानं आले. महिन्याभरात पटकीनं दोघं गेली. माहीमच्या कोळीवाड्यातल्या एका तरुण कोळणीनं त्यांना उचलून घरी नेलं. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, म्हणून सगळं गाव तिला तांडेलीण म्हणे. ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन माहीमहून दादरच्या वाड्यांतून परळपर्यंत चालत येई, आणि हा पोर तिच्या मागं. दोन्ही हात टोपलीला. वाटेत ताडीच्या दुकानापाशी कुणी पदराला हात घातला, तर टोपली खाली ठेवायची नाही. ठेवली तर मासळी गेली.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? कोपर हाय, कमर हाय, टाच हाय. सगळं तिचंच. मी नुसतं बघितलं."

मला एकदम सगळं दिसलं. कानांशी नेलेले हात म्हणजे टोपली धरलेले हात. ताठ मान टोपलीसाठी. बारकी पावलं बंदरावरच्या चिखलासाठी. बोटं झटकायची ती खारं पाणी डोळ्यांत उडवायला. आणि ती आरोळी, जी काढताना माझे डोळे पांढरे व्हायचे, ती "म्हावरं घ्या म्हावरंऽ" ही हाळी होती. दीड वर्ष मी रोज सकाळी मासळी विकत होतो.

आमच्या घरात मासळीचा वास आला तरी माझी आई खिडक्या लावून घ्यायची. आणि मी गिरगावभर गडकिल्ले सांगून बसलो होतो.

"लिहिलंस?" वस्तादांनी विचारलं. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"लिहितो," मी म्हटलं.

घरी बसून मी फळी तयार केली आणि मनसोक्त हात चालवला. सर्वांत वर सह्याद्रीच्या गुहेतला साधू, त्यानं वाघाकडून विद्या घेतली. त्याच्या खाली गडावरचा सरदार, मग पेशवाईतले दोन पट्टेकरी, मग एक बैरागी, मग एक फडणीस. फडणीस कशाला घातला मला ठाऊक नाही; एखादा कारकून असावा असं वाटलं असेल. कानांशी हात म्हणजे 'आकाश पेलण्याची मुद्रा' आणि बोटं झटकणं म्हणजे 'अर्घ्य' असंही कडेला बारीक अक्षरांत लिहून टाकलं. शेवटी वस्तादांच्या लगेच वर एक खरंखुरं वाटेल असं नाव हवं होतं. काका कधीतरी एका जुन्या नामांकित पैलवानाचं नाव घ्यायचे. तो मेलेला होता, म्हणजे सोयीचा. ते घातलं. वस्तादांनी "वाचून दाखव" म्हटलं तेव्हा मी फळीकडं बघत गंभीरपणे वाचलं, "तांडेलीण, मुक्काम माहीम." ते इतके खूश झाले की मला पेढा दिला, आणि मी तो खाल्ला.

नागपंचमीला गिरणी बंद होती. हौद्याची पूजा झाली, मातीवर हळदकुंकू पडलं. पाच वस्ताद मिशा चढवून चटयांवर बसले, मागं त्यांचे पठ्ठे. चाळीच्या बायकांनी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती आणि वास इतका सुटला होता की पंचांचं लक्षही अर्धं चुलीकडंच होतं. फळीवरचं फडकं काढलं. वाचायला मी पुढं सरकलो, पण गिरगावच्या थोरल्या वस्तादांबरोबर त्यांचा एक शिकलेला पठ्ठ्या आला होता. तो आधीच उठला.

त्यानं खणखणीत आवाजात साधू वाचला, वाघ वाचला, सरदार वाचला. मी वस्तादांकडं बघायचं टाळत होतो. आमचे साचेवाले माना डोलावत होते. आपण इतके मोठे असू असं त्यांना वाटलं नव्हतं. मग शेवटचं नाव आलं, आणि गिरगावचे थोरले वस्ताद ताडकन उठले.

"अरे, हे तर आमचे गुरू!"

मेलेला माणूस सोयीचा असतो, पण त्याचे शिष्य मेलेले असतात असं नाही, हे मला तेव्हा कळलं. गिरगावचे वस्ताद आनंदानं फुलून गेले होते. "म्हणजे तू माझा धाकटा गुरुभाऊ! आम्हाला ठाऊकच नव्हतं. गुरूंनी तुला चोरून शिकवलं असणार, त्यांची तशी खोड होतीच. ये, नारळ ठेव इथं, पाया पड. आजपासून ही तालीम आमची शाखा. घराणं पक्कं. पंच, पडवी याची!"

पंचांनी माना हलवल्या, चुलीकडं खूण केली. काम झालं होतं. वस्तादांनी नुसतं वाकायचं होतं. माझ्या थापेनं त्यांची पडवी वाचवली होती, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

वस्ताद नारळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माझी आय कुठं हाय यात?" त्यांनी विचारलं.

मी फळीवरून काढलेल्या फडक्याची घडी घालू लागलो.

"तू विचारलंस, मी सांगितलं. मग?"

एवढंच म्हणाले. मला आयुष्यात पुष्कळजण पुष्कळ बोललेत, त्यात बाप, साहेब आणि सासरा आले. पण इतकं लागेल असं कुणी बोललं नाही. मला लाज वाटली. जमीन दुभंगावी वगैरे नाही, नुसती साधी लाज, कान तापवणारी.

वस्ताद गिरगावकरांकडं वळले. "तुमच्या गुरूला मी वळखत नाय. मला शिकवलं माझ्या आईनं. मासे विकते. ही फळी खोटी हाय."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. पठ्ठे हसले, एकानं नाक धरलं, गिरगावचे वस्ताद लाल झाले. पंचांपैकी एक म्हणाला, "झालं तर, भजनी मंडळ उद्यापासून." तेव्हा काळाचौकीचे वस्ताद, जे सगळ्यांत म्हातारे होते आणि आतापर्यंत डुलक्या घेत होते, त्यांनी हात वर केला. "थांबा. घराण्यात नाव लागतं. बाईचं असो नाहीतर बुवाचं. नाव काय तिचं?"

आमच्या वस्तादांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तांडेलीण."

"अरे, ते नवऱ्याचं काम झालं. तिचं नाव?"

ते त्यांना ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं आई म्हटलेल्या बाईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. गावात तिला कुणी नावानं हाकच मारत नसे. ते नारळाकडं बघत राहिले. कुणी हसलं नाही, कारण बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी बहुतेक आपापल्या आयांची नावं मनात चाचपून बघितली असावीत.

"दिंडं खाऊन होईपर्यंत आम्ही बसलोय," काळाचौकीचे वस्ताद म्हणाले. "तोवर आणा."

वस्तादांनी माझ्याकडं बोट केलं. "यानं लिवलं, यानंच आणावं."

लालबाग ते माहीम, पगडी काखेत मारून, मी पळत गेलो. परळ, मग दादरच्या माडांच्या वाड्या, मधे पाण्यानं भरलेली भातखाचरं. दीड वर्षापूर्वी मी परळलाच आडवा झालो असतो. कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झावळ्यांच्या झापांखाली झाकल्या होत्या. नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद. दारात एक म्हातारी जाळं सांधत बसली होती.

"तांडेलीण तुम्हीच का?"

"सुकट संपली. पुनवेनंतर ये."

"मासळी नको. लालबागहून आलोय. वस्तादांनी पाठवलं."

"कोन वस्ताद?"

"तुमचे... गिरणीत गाठी वाहतात ते."

तिचा हात थांबला. "माझा पोर? काय झाला त्याला?"

"काही नाही. तुमचं नाव हवंय. तालमीत लिहायला. त्यांची विद्या तुमच्याकडून आलीय."

"कंची विद्या रं?"

सांगून कळेना, म्हणून मी तिथंच उभा राहिलो. हात कानांशी, मान ताठ, कोपर, कमर, टाच. बोटं झटकली. आणि शेवटी, जन्मात पहिल्यांदा, ती आरोळी माझ्या बेंबीतून नीट निघाली. शेजारच्या चार बायका धावत बाहेर आल्या. म्हातारीनं खांबाला धरलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगो बया! ये तर मासळी इकायचा हाय! आन् तू बामन, तू शिकलास?"

"दीड वर्ष."

"आन् मग कवा इकायला बसतंस?"

तिनं मला पाणी दिलं. ते मी प्यालो. गिरगावात कळलं असतं तर मला पंचगव्य प्यावं लागलं असतं. मग मी पुन्हा नाव विचारलं. तिनं पुन्हा जाळं पुढं ओढलं. जाळ्याची एक गाठ मारली, दुसरी मारली.

"माहेरचा का सासरचा?"

"जे तुमचं असेल ते."

"सासरचा तांदळात लिवला, मंग कोनी बोलला नाय. तांडेल नुसता 'गो' बोलायचा." मग म्हणाली, "माहेरचा लिव. त्या नावान शेवटची हाक बापान मारलेली." तिनं नाव सांगितलं, हळू, आणि मग दाराबाहेर कुणी ऐकलं का ते बघितलं. "फळीवर लिव. पन गावभर बोंबलू नको."

मी परतलो तेव्हा जेवणं आटोपली होती. पाहुणे ढेकर देत पडले होते. वस्ताद मारुतीपाशी बसले होते, नारळ मांडीवर; जेवले नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि नाव त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी ते एकदा उच्चारलं, मग पुन्हा एकदा, अडखळत. मग उठून सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं.

"बाईमाणूस घराण्यात बसत नाही," गिरगावचे वस्ताद म्हणाले.

काळाचौकीच्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "ती काय म्हणाली रे?"

"म्हणाली, ही मासळी विकायची रीत आहे."

म्हातारे खोकला लागेपर्यंत हसले. "मग आपली लाठी काय आभाळातनं पडली? माझ्या आजाची गुरं हाकायची काठी ती. आम्ही सांगताना सरदार सांगतो." असं म्हणून त्यांनी मान डोलावली. आणखी दोघांनी डोलावली. चौथ्यांना झोप लागली होती. गिरगावकर उठून गेले, पण उरलेली दिंडं केळीच्या पानात बांधून घेऊन गेले. पाचांत तिघं, म्हणून पडवी राहिली. मांडीवरचा तोच नारळ घेऊन वस्ताद त्याच दुपारी माहीमला चालत गेले.

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या तुकड्यानं फळी खरवडली. साधू गेला, सरदार गेला, फडणीस गेला. तिथं ते एक नाव लिहिलं, जितकं चांगलं लिहिता येईल तितकं. ते मी इथं देत नाही, कारण बोंबलायचं नाही असं तिनं सांगितलं होतं.

वस्तादांनी विचारलं, "यात आय कुठनं कुठवर?" मी त्यांचं बोट धरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं. पुढं जितकी वर्षं मी तिथं जात होतो, तितकी वर्षं ते मारुतीला हात जोडून झाले की फळीपाशी जात, आणि त्या नावाखालून सावकाश बोट फिरवत ते वाचत. त्यांना वाचता येणारा तेवढा एकच शब्द होता.